जलकेतासुराला कात्री

फर्मे बांधून झाले होते, अनुक्रमणिका लागली होती, आणि दुपारी जाहिरात विभागातून निरोप आला: तीन रंगीत पानं हवीत, पैसे आगाऊ. दिवाळी अंक वाचकांच्या प्रेमावर निघतो असं आम्ही संपादकीयात लिहितो. निघतो तो जाहिरातींवर. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तीन पानं कुणाची काढायची, एवढाच प्रश्न होता. कवितांना हात लावावा तर कवी रुसतात, परिसंवादाला लावावा तर सहाजण एकदम रुसतात. राहता राहिली किशोर विभागातली चार पानी साहसकथा. संपादक म्हणाले, "ती एका पानात बसव. रात्री फाइल छापखान्यात गेली पाहिजे."

कथा कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकांची. कल्पना झकास होती: भरती चोरीला जाते. खाडीला पाणी चढेनासं होतं, तरीवाल्याची, म्हणजे होडीतून माणसं पलीकडे नेणाऱ्याची, मुलगी कोरड्या पात्रातून चालत समुद्राच्या तळाशी पोचते, जलकेतासुर नावाच्या राक्षसाला हरवते आणि भरती परत आणते. शब्द एकोणीसशे. चित्राची जागा सोडली तर आमच्या एका पानात साडेतीनशे बसतात. मजकूर चौकटीत ओतला आणि खालच्या कोपऱ्यात ते लाल अधिकचं चिन्ह उमटलं. म्हणजे उरलेलं सगळं बाहेर लटकतंय.

सरांना फोन लावला. ते रागावतील असं वाटलं होतं. "कापा की मॅडम," ते म्हणाले. "फक्त जलकेतासुराला मिळालेला शाप तेवढा ठेवा. त्याशिवाय पोरांना काही कळायचं नाही." शापच साडेचारशे शब्दांचा होता.

खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे अलक, म्हणजे अतिलघुकथा, उदंड झाल्यात. त्यांत सासू असते, वृद्धाश्रम असतो, परदेशातल्या मुलाचा फोन असतो. ते घर वाचकाच्या ओळखीचं, म्हणून लेखकाने शेवटी कलाटणी दिली की भागतं. (बहुतेकांना तेवढीच येते, हा भाग वेगळा.) अद्भुत साहसात मात्र आधी जग उभं करायचं, त्याचे कायदे सांगायचे, मग नायिकेला घराबाहेर काढायचं, संकटात घालायचं, सोडवायचं आणि धडधाकट घरी आणायचं. जग सांगत बसावं तर पोरगी उंबरठ्यावरच राहते. तिला पळवावं तर ती कुठे पळतेय तेच कळत नाही.

पहिल्या पानावर अकरा नावं होती. राज्य, राजधानी, राजा, राजगुरू, राजगुरूंची तलवार, सगळ्यांना बारसं घातलेलं. श्रावणातल्या कहाण्यांत बघा, 'आटपाट नगर होतं' म्हटलं की राज्य उभं. राजाला नाव नाही, राण्या आवडती आणि नावडती, आणि आजवर कुणी विचारलेलं नाही की नगर कुठल्या तालुक्यात येतं. मी अकराच्या अकरा नावं उडवली. त्याबरोबर राजाही गेला. तसंही दरबार भरवण्यापलीकडे त्याने काही केलं नव्हतं.

मग सुरुवात. सरांनी चंद्र, पृथ्वी आणि गुरुत्वाकर्षण असा रीतसर धडा घेतला होता, शिक्षकच ते. मी विचारलं, "सर, तुमच्याकडे उधाण कधी येतं?"

"पुनवेला आणि अवसेला. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी कमी."

"मग असं करूया? 'पौर्णिमा उलटली, तरी खाडीला पाणी चढलं नाही.'"

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "दीड पान गेलं की हो!"

उरला जलकेतासुर. नवा राक्षस महाग पडतो. त्याचं कूळ, शक्ती, मर्मस्थान, सगळं पदरचे शब्द घालून सांगावं लागतं. मी म्हटलं, गावातलं एखादं जुनं भूत नाही का? "आहे की, गिऱ्हा. बुडून मेलेला माणूस गिऱ्हा होतो. रात्री पाणी ओलांडणाऱ्याला चकवून खोलात नेतो. त्याच्या डोक्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याचा तो चाकर. पण नागपूरच्या पोराला गिऱ्हा काय कळणार?"

"आता मला कळला तसाच."

ते हसले आणि मग एकदम थांबले. "थांबा हो मॅडम. तिचा बाप तरीवाला ना? तो बुडालेला असला तर?"

एकोणीसशे शब्दांत बाप जिवंत होता आणि शेवटी मुलीची पाठ थोपटायला किनाऱ्यावर उभा होता. आता तोच तळाशी भरती अडवून बसला, आणि तिला त्याच्याच डोक्यावरचा केस उपटायचा होता. कात्री लावता लावता कथा अशी उलटी फिरताना मी या नोकरीत पहिल्यांदाच पाहिली. तलवारीची लढाई आपोआप रद्द झाली.

परतीच्या वाटेचं तेवढं राहिलं. पाणी सुटल्यावर मुलगी तळातून वर कशी येणार? मूळ कथेत एक बोलकं कासव तिला पाठीवर घेऊन येई आणि वाटेत उपदेश करी. त्याऐवजी दुसऱ्या वाक्यात 'निघाली' होतं तिथे 'होडी ओढत निघाली' केलं. पाणी आलं की होडी तरंगणारच, वेगळं सांगायला नको.

शेवटावर मात्र आमची जुंपली. केस मुठीत आल्यावर ती म्हणते, "पाणी सोड." सरांना पुढे लिहायचं होतं की तिला खरं तर 'बाबा, घरी चला' म्हणायचं होतं, पण गावासाठी तिने मन घट्ट केलं, वगैरे. मी म्हणे, मुलांना ते न सांगता समजेल. ते म्हणे, चाळीस वर्षं मुलं मी शिकवलीत, तुम्ही नाही. अखेर 'ती आधी वेगळंच काही म्हणणार होती' यावर तोडगा निघाला. मला आजही ते वाक्य जास्तीचं वाटतं.

चित्रकाराने जलकेतासुराची शिंगं मोठ्या हौसेने रंगवली होती. चित्र वरून कापलं, खालची मुलगी आणि होडी ठेवली. लाल चिन्ह गेलं. साडेनऊला फाइल छापखान्यात.

निघताना सरांचा पुन्हा फोन. म्हटलं, आता काय बदलायचंय?

"बदलायचं काही नाही हो. मानधन चार पानांचं ना?"

संपादकांना विचारलं. एका पानाचा दर ठरलेला आहे, म्हणाले. मग मीच त्यांना सांगितलं की ही कथा लिहायला आधी चार पानं लागली आहेत. दोन पानांवर मिटलं.