वहीतला चौथा रकाना

माझ्या रक्तदाबाचा १४८/९४ हा आकडा बघून डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही. त्यांनी मला वही करायला सांगितली. आठवडाभर घरी मोजा, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आणि जे येईल ते लिहा, आवडेल ते नव्हे. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर पोट भरणाऱ्या बाईला वही करायला सांगणं म्हणजे आगीत तेल. त्याच संध्याकाळी रकाने आखून तयार होते.

पहिला आकडा आला १६१. मी घाबरले, मग आठवलं की यंत्राचा दंडपट्टा स्वेटरच्या बाहीवरूनच बांधला होता, पायावर पाय होता आणि दुसऱ्या हातात फोन धरून बहिणीशी बोलणं चालू होतं. या तिन्ही गोष्टी आकडा फुगवतात. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या उंचीवर आणून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मोजायचं. गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. आठवड्याची सरासरी निघाली १४४/९१. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या पुढे गेलं की जास्तच म्हणतात, त्यामुळे सुटका नव्हती.

तारीख आणि आकडा यांच्या शेजारी तिसरा रकाना आला मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. जगाची सरासरी याच्या दुप्पट आहे. मला वाटायचं मी कमीच खाते, कारण जेवताना वरून मीठ घेत नाही. मग पाकिटांवरचा बारीक मजकूर वाचायला लागले. तिथे बहुतेकदा मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. माझ्या ब्रेडवर १०० ग्रॅमला ४८० मिलिग्रॅम सोडियम होतं, म्हणजे चार जाड स्लाइसमध्ये जवळजवळ २ ग्रॅम मीठ, आणि जिभेला पत्ता नाही. गोड बिस्किटातही सोडियम. खायच्या सोड्यातही सोडियमच. इतकी वर्षं दुसऱ्यांचे अनुस्वार तपासले, पण माझ्या नाश्त्याचं लेबल कधी वाचलं नव्हतं.

मीठ दाब का वाढवतं याचं उत्तर मला शाळेपासून पाठ होतं: मीठ पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, दाब वाढतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात आहे. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. त्याच्या कामाचा शोध कसा लागला ती गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्या मुळाशी एक चूक आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे प्रयोगासाठी वापरत असत. एका रसायनाने तुकडा कधी सैल पडे, कधी उलट आकसे. कारण निघालं ते असं की तुकडे कापताना आतला पृष्ठभाग नकळत घासला जाई आणि अस्तर निघून जाई. जिथे अस्तर शाबूत, तिथेच वाहिनी सैल पडायची. हे काम १९८० साली प्रसिद्ध झालं. वाहिनीला सैल पडायला सांगणारा, अस्तरातून निघणारा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. जास्त मिठाने या अस्तराची नायट्रिक ऑक्साइड सोडण्याची ताकद कमी होते आणि वाहिनीची लवचीकता जाते.

नुसतं कमी खाऊन भागत नाही, हेही कळलं. पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' या अमेरिकन प्रयोगात मीठ सगळ्यांना सारखंच ठेवलं होतं. फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध वाढवून एकूण चरबी कमी केली, एवढ्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. हिरव्या पालेभाज्या आणि बीट यांतल्या नायट्रेटपासूनही शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, आणि त्यातली पहिली पायरी जिभेवरचे जीवाणू पार पाडतात. म्हणजे एकीकडे मी बीट खात होते आणि दुसरीकडे दिवसातून दोनदा जंतुनाशक माउथवॉशने त्याच जीवाणूंचा नायनाट करत होते! बाटली टाकून दिली. (पोटॅशियमवालं मीठही आणणार होते. डॉक्टरांनी आधी मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या म्हणून थांबवलं. मूत्रपिंडं कमकुवत असतील किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते मीठ घातक ठरतं.)

सहा आठवड्यांत १३७/८७. आणि तिथेच गाडी अडली.

संध्याकाळी फिरून आल्यावर आकडा थोडा खाली यायला हवा. माझा बरेचदा वर जायचा. मी याचं खापर चढावर फोडलं, मग झोपेवर, मग मुलावर. मुलाने शेवटी त्याचा हवेचे कण मोजणारा छोटा यंत्रडबा आणून खिडकीत ठेवला. माझं टेबल त्याच खिडकीशी आणि खाली मोठा रस्ता. फिरायलाही त्याच रस्त्याच्या कडेने जायचे. दुपारी पीएम २.५ चा आकडा ३० च्या आसपास, संध्याकाळी गर्दीच्या वेळी ११०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची दिवसाची मर्यादा घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे. असे स्वस्त डबे दमट हवेत जास्त दाखवतात हे मान्य, पण इतकं?

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. त्यातले सगळ्यात बारीक थेट रक्तात उतरू शकतात. एडिंबरामधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले होते. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांत सापडले, आणि तीन महिन्यांनीही शरीरात होतेच. बाकीचं काम कण फुप्फुसात बसूनच करतात: दाह वाढवतात, चेतासंस्थेला चिथावतात, वाहिन्या आकसतात. आणि नायट्रिक ऑक्साइड तिथेही कमी पडतं. मिठाने जे अस्तर दुबळं केलं, धूर त्याच्यावरच येऊन आदळतो.

सिएटलमधला २०२३ चा एक प्रयोग वाचून मी चौथा रकाना आखला. सोळा जणांना गर्दीच्या वेळी मोटारीतून फिरवलं, काही फेऱ्यांना आत येणारी हवा गाळून, काहींना न गाळता. न गाळलेल्या हवेत तासाभरात रक्तदाबाचे दोन्ही आकडे साधारण साडेचार अंकांनी वर गेले. माणसं नुसती गाडीत बसलेली होती. चढ नाही, घाम नाही.

चौथ्या रकान्यात 'खिडकी उघडी' किंवा 'बंद' आणि 'रस्ता' किंवा 'बाग' एवढंच लिहायचं ठरवलं. फिरणं बागेत आणि सकाळी नेलं. खिडकी दुपारी उघडायची, संध्याकाळी मिटायची. डब्यावरचा आजवरचा सर्वांत मोठा आकडा मात्र रस्त्याचा नव्हे. एके सकाळी मी टोस्ट करपवला तेव्हाचा तो, ३४०. तेव्हापासून स्वयंपाकघरातला पंखा आधी, शेगडी नंतर.

मुलगा विचारतो, यातल्या नक्की कशाने दाब उतरला? हे माझी वही सांगू शकत नाही. अमेरिकेत साडेपाच लाखांच्या आसपास लोकांचा सतरा वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास आहे. भाज्या, कडधान्यं, ऑलिव्ह तेल असा आहार घेणाऱ्यांत प्रदूषित हवा आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचा संबंध सौम्य दिसला. पण त्यांची निवड कोणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. नीट खाणारी माणसं इतरही बरंच काही नीट करत असतात. आणि मी तर एकटीच, तीही दर आठवड्याला काहीतरी बदलणारी. त्यात दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी अखेर एक छोटी गोळी सुरू केली. मी जरा खट्टू झाले. ते म्हणाले, गोळी ही काही नापासाची खूण नाही, आणि गोळी घेता म्हणून ब्रेडचं लेबल वाचायचं सोडू नका.

आज सकाळची नोंद: १२६/८१. खिडकी बंद. गोळी घेतली. मीठ ४ ग्रॅम, अंदाजे. 'अंदाजे' हा शब्द मी लेखकांच्या मजकुरातून नेहमी खोडते. इथे ठेवला आहे.