राखी नवरात्रात परत आली

दादाने गेल्या वर्षी घर बदललं, डोंबिवलीतच, पण पूर्वेचं पश्चिमेला. मी इकडे कोथरूडला बसून त्याला राखी पाठवली, साधं पाकीट, पाच रुपयांचं तिकीट, नवीन बिल्डिंगचं नाव अगदी बरोब्बर लिहिलं आणि खाली सवयीने डोंबिवली ४२१२०१. राखीपौर्णिमा होती ९ ऑगस्टला, पाकीट पोचलंच नाही, दादा रोज फोनवर "अगं अजून नाही आलं" आणि मी पोस्टाच्या नावाने बोटं मोडतेय. गणपती आले नि गेले आणि नवरात्रात पाकीट माझ्याच दारात परत! वर पेनाने लिहिलेलं, अपुरा पत्ता.

भांडायच्याच मूडमध्ये काउंटरवर गेले. तिथल्या मॅडमनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, पश्चिम कुठे लिहिलंय यावर? मी गप्प. ४२१२०१ म्हणजे पूर्व आणि ४२१२०२ म्हणजे पश्चिम, हे डोंबिवलीत वाढलेल्या मला पाठ असायला हवं होतं. बिचारा पूर्वेचा पोस्टमन पूर्वेत ती बिल्डिंग शोधत बसला असणार. माझा पत्ता मागे होता म्हणून परत तरी आलं, नसता तर ते रिटर्न्ड लेटर ऑफिसला गेलं असतं, पूर्वी त्यालाच डेड लेटर ऑफिस म्हणायचे. पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनो, ऐकताय ना.

तेव्हापासून पिनकोडचं खूळच डोक्यात बसलंय. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, पोस्टात मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे जिथून पोस्टमन निघतो ते ऑफिस. म्हणजे माझा जो एक आकडा चुकला तो नेमका शेवटचा, पाकीट गावात बरोबर पोचलं आणि स्टेशनच्या चुकीच्या बाजूला उतरलं. पार्ल्याचंही तसंच, पूर्व ४०००५७, पश्चिम ४०००५६. फक्त विलेपार्ले मुंबई लिहून सोडून देणारे लोक मला आता दिसतात तेव्हा हात शिवशिवतात.

मैत्रिणीचा भाऊ आर्मीत आहे, तिचं गणित अजून वेगळं. नंबर, रँक, नाव, युनिट आणि मग केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), पिन ९ ने सुरू होणारा. गावाचं नाव लिहायचंच नाही, तो कुठे आहे ते पाकिटावर दिसता कामा नये.

आणि मु. पो.! मामाच्या गावाला पत्र टाकताना आपण डोळे झाकून मु. पो. अमुक, ता. तमुक असं लिहितो. पण मुक्काम आणि पोस्ट एकच असेल तरच ते एकत्र लिहायचं. मामाच्या वाडीला पोस्टच नाही, पोस्ट आहे शेजारच्या गावात, तर आधी मु. आणि वाडीचं नाव, मग पो. आणि त्या गावाचं नाव, मग तालुका, जिल्हा. हे मॅडमनी सांगेपर्यंत मला कधी सुचलंच नव्हतं, मला ते श्री किंवा सौ सारखं मान देण्याचं काहीतरी वाटायचं, हसू नका.

पाकिटातल्या राखीचं काय झालं ते राहिलंच. मधला मोठा मणी शिक्क्याखाली चेचला गेला होता, चुरा. फुगीर राखी साध्या पाकिटात घालायचीच नाही, चपटी घ्या किंवा पोस्टात सीझनला न भिजणारी खास राखीची पाकिटं मिळतात ती घ्या. स्टेपलरच्या पिना मारू नका, दुसऱ्यांची पाकिटं अडकून फाटतात. सेलोटेप लावा पण तिकिटावर नको, शिक्का धरत नाही. आणि वजन! पाच रुपयांत फक्त २० ग्रॅम, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला अजून पाच. एफोरचा एक कागद पाच ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे तीन कागद आणि पाकीट, संपलं. तिकीट कमी पडलं तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल, त्यामुळे ओवाळणी द्यायच्या आधीच भावाचा खिसा हलका.

नोटा मात्र साध्या पाकिटात घालू नका हो, तो नियमच आहे. आजी कार्बन पेपरमध्ये गुंडाळून घालायची ते वेगळं.

आता रजिस्टर करते म्हटलं तर तेही बदललंय. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात मिसळलं. नुसतं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, घरातलं कोणीही घेतं. त्याच माणसाच्या हातात पडायला हवं असेल तर स्पीड पोस्ट करताना रजिस्ट्रेशन हवंय असं सांगायचं, पाच रुपये आणि वर जीएसटी. ओटीपीवालं पण आहे, तेवढ्याच पैशात.

घेणाऱ्या बाजूला आपण अजून बेशिस्त. दाराला कुलूप बघून पोस्टमनदादा चिठ्ठी टाकून जातात आणि ती पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जाते. सात दिवस पोस्टात ठेवतात, ओळखपत्र घेऊन जायचं, नाहीतर गेलं परत. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तर वकिलाची नोटीस आली की "नाही घेत जा" म्हणून परत पाठवायचे आणि वर कॉलर ताठ, जणू नोटीस आलीच नाही. अहो काका, पोस्टमनने नाकारले असा शेरा मारला की कोर्ट ती नोटीस मिळाली असंच धरून चालतं, शिवाय आत काय लिहिलंय तेही तुम्हाला कळलं नाही, दोन्हीकडून तोटा. काकांना हे त्यांच्या वकिलाने सांगितलं, तोपर्यंत चेक बाउन्सची केस उभी राहिली होती.

आता पोस्टाचा नवीन डिजिपिन आलाय, जागेचा डिजिटल पत्ता, दहा अक्षरआकड्यांचा, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. पिनकोड आहे तसाच राहणार, हा जोडीला. मी उत्साहाने दादाला मेसेज केला, या वर्षी चूक नको, तुझा डिजिपिन पाठव.

त्याचा रिप्लाय, हॉलचा देऊ का किचनचा?