फ्रीजरमधलं पाकीट

आज मांस सोडल्याचा 47 वा दिवस. दिवस मोजायचे नाहीत असं ठरलं होतं, पण मोजले जातातच.

काल रात्री दिवा मालवल्यावर नवरा म्हणाला, “तुला एक सांगायचंय.” ऑफिसात कुणाच्या तरी बढतीची पार्टी होती, तिथे त्याने चिकनचे दोन तुकडे खाल्ले. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? “कसं होतं?” राग त्यानंतर आला. तोही त्याने खाल्लं म्हणून नाही, माझ्याशिवाय खाल्लं म्हणून.

मुळात मांस सोडायचं कुणी ठरवलं, इथूनच आमची गाडी अडते. मी म्हणते, दोघांनी. तो म्हणतो, “तू ठरवलंस, मी हो म्हटलं.” त्यामुळे तो घसरला की मी आपोआप फौजदार होते. मला ही नोकरी नको आहे. कालही सांगितलं नसतंस तरी चाललं असतं, असं म्हणणार होते, पण म्हटलं नाही. चाललं नसतं बहुतेक.

स्वयंपाकाचं वेगळंच. पूर्वी मटण असलं की बाकीचं ताट त्याच्याभोवती जमायचं. आता ताटाला कर्ताच उरला नाही. चार चांगल्या गोष्टी असतात, पण सगळ्या नणंदाभावजयांसारख्या कडेकडेने उभ्या. शिवाय आदल्या रात्रीच उद्याचा विचार करावा लागतो. रात्री दहाला दोघं एकमेकांना विचारतो, “भिजत घातलंय का काही?” घातलेलं नसतं. पहिल्या दोन आठवड्यांत पोटांनी जो गोंधळ घातला त्याबद्दल इथे लिहीत नाही. कडधान्यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू होतो, एवढं वाचून ठेवलंय. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवायला लागल्यापासून शांतता आहे.

प्रथिनांवरून तर रोजचा खटला. शिजवलेल्या 100 ग्रॅम चिकनमध्ये साधारण 30 ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच शिजवलेल्या मसुरीत 9, हे तो वकिलासारखं वाचून दाखवतो. तो 70 किलोचा. किलोमागे 0.8 ग्रॅम धरले तर दिवसाला 56 ग्रॅम झाले, आणि दूध-अंडी आम्ही सोडलेली नाहीत. हे मीही वाचूनच दाखवते. लोहाच्या बाबतीत मात्र माझीच बाजू लंगडी पडते. वनस्पतींतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, त्यात जेवणावर लगेच चहा घेतला की आणखी कमी. मांस सुटलं, पण जेवणावरचा चहा सुटत नाही. तो मला चोरून चहा करताना पकडतो तेव्हा फौजदारी त्याच्याकडे जाते.

खरी ओढ असते ती त्या खरपूस, तोंडात रेंगाळणाऱ्या चवीची. त्या रेंगाळण्यामागे बऱ्याच अंशी ग्लुटामेट नावाचं द्रव्य असतं. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते समुद्री शेवाळातून वेगळं काढलं. टोमॅटोत ते आहे, मश्रूममध्येही आहे. परवा मश्रूम तव्यावर गर्दी न करता, पाणी पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत परतले. तो म्हणाला, “मटणासारखं नाही, पण छान आहे.” ‘सारखं’ हा शब्द तेव्हापासून घरात बंद आहे.

आज संध्याकाळी मटार काढायला फ्रीजर उघडला आणि मागचं मटणाचं पाकीट घसरून पुढे आलं. 47 दिवसांपूर्वीचं. जीव गेलाच आहे तर वाया कशाला घालवायचं, हे त्याचं म्हणणं. कुणाला तरी देऊन टाकू, हे माझं. दोन्ही झालेलं नाही. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानेच ते उचलून मटारांच्या मागे सारलं, आणि मी दार लावलं.