आईने मुलावर खटला भरला त्या घरात

कॅनडातल्या व्हिक्टोरियात राहते म्हटलं की भारतातले निम्मे लोक ‘म्हणजे व्हँकुव्हरला ना?’ असं विचारतात. व्हिक्टोरिया व्हँकुव्हर नावाच्याच बेटावर आहे, पण व्हँकुव्हर शहर समुद्रापलीकडे, फेरीने दीड तास. भारतातून कुणी पाहुणे आले की फुलांची बाग आणि क्रेगडॅरॉक कॅसल दाखवायचा, हा इथला रिवाज. बाग फोटोत छान येते. मला मात्र कॅसलमध्ये रमायला जास्त आवडतं, कारण भाऊबंदकीच्या गोष्टींवर आपण सगळे पोसलेलो आहोत.

नाव कॅसल असलं तरी हा किल्ला नव्हे, एका कोळसासम्राटाने बांधायला घेतलेली हवेली आहे. रॉबर्ट डन्समूर १८५१ साली स्कॉटलंडमधून या बेटावर खाणकामगार म्हणून आला. १८६९ मध्ये त्याला नानायमोजवळ कोळशाचा मोठा थर सापडला आणि नशीब पालटलं. पुढे खाणी, जहाजं, रेल्वे असं सगळं आलं. शहराच्या टेकडीवर २८ एकर जागा घेऊन १८८७ मध्ये त्याने बांधकाम सुरू केलं. जिन्यासाठी ओक लाकडाचं कोरीवकाम शिकागोहून तयार होऊन आलं.

मार्गदर्शिकेत हे सगळं तपशीलवार असतं. मला मात्र त्या जिन्यावर दुसरीच तारीख आठवते. जानेवारी १८८८ मध्ये, घर उभं राहत असतानाच, डन्समूरच्या वेलिंग्टन खाणीत स्फोट होऊन ७७ माणसं मेली. त्यात चिनी मजूर बरेच होते. त्यांना गोऱ्या कामगारांच्या साधारण निम्मी मजुरी मिळे. संप झाला की मालकाच्या मदतीला सैन्य यायचं, हेही इथे घडून गेलेलं आहे. रंगीत काचांची ३० हून जास्त तावदानं बघताना हे विसरणं मला जमत नाही.

आणि एवढं करून रॉबर्ट या घरात एक रात्रही झोपला नाही. १८८९ च्या एप्रिलमध्ये तो वारला, घर पूर्ण झालं १८९० मध्ये. त्याआधी वास्तुविशारदही गेला होता.

मृत्युपत्र उघडलं तर सगळी मालमत्ता पत्नी जोनच्या नावावर. जेम्स आणि अलेक्झांडर हे दोन्ही मुलगे वर्षानुवर्षं धंदा सांभाळत होते, खाणी आपल्याला मिळतील असं गृहीत धरून. वडिलांचा तसा शब्द होता म्हणे. आईकडून धंदा सोडवून घेण्यात त्यांची दहाएक वर्षं गेली. लोक जोनला हट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. आठ मुलींची आई होती ती, त्यातल्या काहींची लग्नं व्हायची होती, आणि दोरी एकदा सोडली की पुन्हा हातात येत नाही हे तिला चांगलं कळत असणार.

अलेक्झांडरची गत आणखी विचित्र. आईच्या धाकाने त्याने प्रेयसीशी सुमारे वीस वर्षं लग्नच केलं नाही. डिसेंबर १८९९ मध्ये एकदाचं केलं आणि पुढच्याच महिन्यात, मधुचंद्रावर असताना, न्यूयॉर्कमध्ये तो वारला. त्याचं सगळं जेम्सला मिळालं. मग अलेक्झांडरच्या बायकोची मुलगी, अभिनेत्री एडना वॉलेस हॉपर, कोर्टात गेली. जोनही मुलाविरुद्ध उभी राहिली. तेव्हा जेम्स ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा! प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेलं. टिळकांचं ताई महाराज प्रकरण पुढे पोचलं ते याच दारात. जेम्स जिंकला, पण मायलेकांचं बोलणं संपलं ते संपलंच.

१९०८ मध्ये जोन गेली आणि घरातलं सामानही लिलावात निघालं. जमिनीचे प्लॉट पाडले गेले. प्लॉट घेणाऱ्यांत सोडत काढून एकाला अख्खा कॅसल बक्षीस! तो सॉलोमन कॅमेरॉनला लागला. त्याने तो गहाण टाकून इतर व्यवहारांत पैसा लावला, आणि शेवटी घर बँकेकडे गेलं.

त्यानंतर पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचं रुग्णालय, १९२१ पासून व्हिक्टोरिया कॉलेज. १९४६ मध्ये विद्यार्थी इतके वाढले की त्यांनी थेट विधिमंडळावर मोर्चा नेला. मग शाळा मंडळाची कार्यालयं, मग संगीतशाळा. १९७९ पासून संग्रहालय आहे, आणि विकल्या गेलेल्या सामानातल्या जमतील तेवढ्या वस्तू पुन्हा गोळा केल्या जातात.

आई-बाबांना घेऊन येणार असाल तर एक सांगून ठेवते: वरच्या मनोऱ्यापर्यंत ८७ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर तळमजल्यावर निवांत बसू द्या.