उंटाचा खटाटोप

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज बुद्धिबळात पुन्हा अप्पांकडून हरलो. ज्या उंटापायी बचाव (काळ्याच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) बदलला, नेमका तोच गमावून.

काळ्या सोंगट्या आल्या की मी इतकी वर्षं फ्रेंच बचाव खेळायचो. प्यादं ई-६ वर (पटाची ई ही उभी ओळ, सहावं घर), मग डी-५. पण ई-६चं प्यादं सरकलं की सी-८ वरचा उंट मागे कोंडला जातो. कित्येक डाव संपले तरी बिचारा जागचा हललेला नसायचा. म्हणून महिन्याभरापूर्वी कारो-कान हा दुसरा बचाव धरला. आधी सी-६, मग डी-५. डी-५च्या प्याद्याला आधार मिळतोच, वर उंटाची वाट मोकळी. बर्लिनचा कारो आणि व्हिएन्नाचा कान या दोघांचं विश्लेषण १८८६ साली छापून आलं, तेव्हापासून हे नाव. पुढे पेट्रोशन, कार्पोव्ह अशा सहसा न हरणाऱ्या मंडळींनी तो खेळला. म्हटलं, आपल्याला हेच हवंय. जिंकायचं नंतर बघू, आधी वीस चालींत मार खाणं तरी थांबू दे.

अप्पांनी तिसऱ्या चालीला प्यादं ई-५ वर ढकललं. मी ऐटीत उंट एफ-५ वर काढला. त्यांनी एच-४ केलं. मला वाटलं, म्हातारा कडेची प्यादी उगाच हलवतोय. हात सवयीनं ई-६ कडे गेला.

मग त्यांचं जी-४. माझा उंट ई-४ वर. एफ-३. उंट जी-६ वर. एच-५.

उंटाला जायला घरच उरलं नाही. अप्पा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बुधवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शोधलं. ही एच-४ची चाल अप्पांची नव्हे. १९६१च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तालनं ती बोत्विनिकवर टाकली होती. (लढत बोत्विनिकनं जिंकली, एवढाच काय तो दिलासा.) उपाय साधा आहे, ई-६ करण्याआधी आपलं प्यादं एच-५ वर. म्हणजे जी-४ आलं तर त्यानं मारता येतं. भरवशाचा बचाव म्हणजे डोळे मिटून पहिल्या दहा चाली, असं मी धरून चाललो होतो.

शनिवार, संध्याकाळी

पुन्हा अप्पा, पुन्हा एच-४. या वेळी मी एच-५. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"शिकवणी लावलीत की काय?"

"नाही अप्पा, मोबाइलवर बघितलं."

त्यांनी उंट डी-३ वर आणला. मी मारला, त्यांनी वजिरानं परत मारला. पाचव्याच चालीत माझा उंट पटाबाहेर! महिनाभर ज्याची वाट मोकळी करत होतो, तो असा गेला. पण मग मी ई-६ केलं आणि पटाकडे बघत बसलो. सी-६, डी-५, ई-६, माझी तिन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर. पांढऱ्या घरांचाच उंट आता नाही, म्हणजे तीच प्यादी कुणाला अडवणार? फ्रेंच खेळताना आयुष्यभर जे दुखायचं, ते दुखणंच मारामारीत निघून गेलं होतं. अप्पांचा दुसरा उंट मात्र जी-५ वर येऊन बसला. एच-५ केल्यामुळे त्याला हुसकायला एच-६ आता नाही. तो डावभर डोक्यात राहिला.

एकोणचाळीस चालींनंतर बरोबरी. खाली उतरताना अप्पा म्हणाले, "उद्या मी काळ्या घेतो."