मॅग्नेटारचं चुंबकत्व मोजलं कसं?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो: "तिथं कुणी गेलेलं नाही, मग मॅग्नेटारचं चुंबकत्व एवढं प्रचंड आहे हे तुम्हाला कळलं कसं?" चंद्राच्या निम्म्या अंतरावरून बँकेची कार्डं पुसली जातील वगैरे चमचमीत वाक्यांपेक्षा मला हा प्रश्न कितीतरी आवडतो.

थोडक्यात सांगायचं तर, घड्याळ लावून.

मॅग्नेटार हा अतिप्रचंड चुंबकत्व असलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिदाट गाभा. सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. तो फिरतो तसे त्याचे क्ष-किरण ठरावीक तालात कमी-जास्त होतात. धनू राशीतल्या एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारचा ताल सुमारे ७.५ सेकंदांचा. खगोलशास्त्रज्ञ क्रिसा कूव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी तो १९९६ च्या नोंदींमध्ये पकडला, मग जपानच्या आस्का उपग्रहाच्या १९९३ च्या नोंदी काढून ताडून पाहिला. तारा मंदावत होता, एका फेरीचा वेळ वर्षाला साधारण २.६ मिलिसेकंदांनी वाढत होता. ऐकायला क्षुल्लक, पण एवढ्या जड गोळ्याला इतका ब्रेक लावायचा तर चुंबकीय क्षेत्र किती हवं, याचं गणित मांडता येतं. उत्तर आलं सुमारे ८०० लाख कोटी गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं. हा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट डंकन आणि क्रिस्टोफर थॉम्पसन यांनी अशा ताऱ्यांची कल्पना १९९२ मध्येच मांडली होती.

दुसरा पुरावा हिशेबाचा. साध्या पल्सारचा, म्हणजे फिरता फिरता ठरावीक तालात लुकलुकणाऱ्या नेहमीच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, खर्च त्याच्या फिरण्याच्या ऊर्जेतून भागतो. हा तारा मात्र मंदावताना जेवढी ऊर्जा गमावतो त्याच्या कितीतरी पट क्ष-किरणांतून उधळतो. वरचा पैसा येतो कुठून? चुंबकीय क्षेत्राच्या साठ्यातून. क्षेत्र विस्कटतं, कवचावर ताण येतो, आणि ताण असह्य झाला की स्फोट. याच ताऱ्याने २७ डिसेंबर २००४ रोजी सेकंदाच्या पाचव्या भागात एवढी ऊर्जा फेकली की सूर्याला तेवढी द्यायला लाखाहून जास्त वर्षं लागतील. हजारो प्रकाशवर्षांवरून येऊनही तिने पृथ्वीचं आयनावरण, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हलवलं. पुढची काही मिनिटं ओसरत गेलेल्या गॅमा आणि क्ष-किरणांत तोच ७.५ सेकंदांचा ठेका स्पष्ट दिसत होता.

आता खरी गोम. घड्याळातून कळतं ते फक्त बाहेरचं, ताऱ्याला ब्रेक लावणारं क्षेत्र. एसजीआर ०४१८+५७२९ या दुसऱ्या ताऱ्याने तेच दाखवून दिलं. २००९ मध्ये त्याचे स्फोट दिसले, वागणूक अस्सल मॅग्नेटारची. पण मंदावणं इतकं कमी की बरीच वर्षं मोजताच येईना. अखेर आकडा निघाला ६ लाख कोटी गॉसच्या आसपास, म्हणजे साध्या पल्सारच्या पंक्तीतला. मग स्फोटांना बळ कुठून मिळालं?

त्याचा धागा २०१३ मध्ये एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीच्या उपग्रहाच्या जुन्या नोंदींत सापडला. प्रत्येक फेरीच्या थोड्याशाच भागात क्ष-किरणांच्या वर्णपटात एक शोषणरेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेचे किरण गिळले गेल्याची खूण, उमटते आणि भराभर सरकते. ती चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या प्रोटॉनमुळे असेल, तर पृष्ठभागाजवळच्या एखाद्या छोट्या चुंबकीय कमानीत २०० लाख कोटी गॉसहून जास्त क्षेत्र असलं पाहिजे. ते इतक्या लहान जागेत आवळलेलं आहे की ताऱ्याच्या फिरण्याला त्याची झळ लागतच नाही. म्हणून मंदावण्याच्या वेगावरून काढलेला आकडा मी सांगतो तेव्हा 'किमान' हा शब्द आवर्जून जोडतो.