लोड चढलेला, सीपीयू रिकामा

सर्व्हर सपोर्टला लागलो तेव्हा वाटायचं, कमांड पाठ झाल्या की काम जमलं. कमांड लवकर पाठ होतात. साइट आडवी झालेली असताना कशाला हात लावायचा नाही, हे कळायला मात्र वेळ लागतो.

जास्त ट्रॅफिकच्या साइटवर अलर्ट आला की बहुतेकांचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं, पण काय अडलं होतं याचा पुरावा त्यात पुसला जातो. एका सेलच्या रात्री ऑन-कॉल मी होतो. पुढे बसून विनंत्या ॲपकडे पोचवणाऱ्या एन्जिनएक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये ५०४ या एरर कोडची रांग लागली होती. नवखे ५०२ आणि ५०४ एकाच माळेत ओवतात, पण निम्मं निदान तिथेच होतं. ५०२ आला तर मागच्या ॲप्लिकेशनने कनेक्शन नाकारलेलं किंवा मध्येच तोडलेलं असतं. ५०४ आला तर ते बहुधा जिवंत असतं, पण वेळेत उत्तर देत नाही. म्हणजे ॲप कुणाची तरी वाट बघत होतं.

डेटाबेसच्या मशीनवर 'टॉप' ही भार दाखवणारी कमांड लावली. लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी, सीपीयूच्या कोअरच्या संख्येच्या कितीतरी पट, आणि सीपीयू जवळपास निवांत. लिनक्स लोड मोजताना डिस्कपाशी अडकलेल्या प्रोसेसही धरतं, म्हणून असं दिसतं. 'डब्ल्यूए'चा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा आकडा चढलेलाच होता.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन. "डेटाबेसची कनेक्शन वाढव ना रे."

"नको सर, डिस्कलाच काम झेपत नाहीये. वाढवली तर अजून क्वेरी तिच्यावर तुटून पडतील."

मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसची मर्यादा मुळात १५१ कनेक्शनची असते. आमची आधीच वाढवलेली होती आणि तीही संपली होती. प्रोसेसलिस्ट, म्हणजे चालू क्वेरींची यादी, काढली तर ओळीमागून ओळ एकच क्वेरी. क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन'मध्ये टाइपखाली 'ऑल', म्हणजे दर वेळी अख्खं टेबल वाचलं जात होतं. दुपारच्या रिलीजमध्ये नवा फिल्टर आला होता आणि त्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधून देणारी सूची, नव्हता.

आधी फिल्टर बंद करायला लावला, मग अडकलेल्या क्वेरी मारल्या. साइट उठली.

इंडेक्स लावायचं काम त्याहून नाजूक. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये ५.६ आवृत्तीपासून इंडेक्स तयार होत असताना वाचणं-लिहिणं चालू राहतं, हे सगळे सांगतात. सुरुवातीला आणि शेवटी मेटाडेटा लॉक, म्हणजे टेबलच्या रचनेवरचं कुलूप, लागतो, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या टेबलवर कुणाचं तरी लांबलेलं ट्रान्झॅक्शन उघडं असेल तर इंडेक्स लावणारा 'ऑल्टर' त्याच्यामागे थांबतो आणि त्या टेबलच्या बाकीच्या सगळ्या क्वेरी 'ऑल्टर'मागे. एका रिपोर्टिंग स्क्रिप्टचं ट्रान्झॅक्शन तसंच उघडं सापडलं. ते बंद केलं, मगच 'ऑल्टर' सोडला.

प्रायमरीवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर झालं, पण तोच 'ऑल्टर' त्याची प्रत असलेल्या रेप्लिकावर चालू झाल्यावर रेप्लिका मागे पडली आणि "ऑर्डर दिसत नाही" अशा तक्रारी यायला लागल्या. रेप्लिका प्रायमरीला गाठेपर्यंत ऑर्डरचं वाचन प्रायमरीकडे वळवलं. फिल्टर दुसऱ्या दिवशी सुरू केला.